सही ज्याची, पहिली फेरी त्याची

आमचे हे सैन्यात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते. तिथली रीत अशी, की दुरुस्तीच्या वहीत ज्याची सही, त्याने पहिल्या उड्डाणाला सोबत जायचं. अठरा वर्षं हे गेले. आणि अठरा वर्षं मी क्वार्टरच्या खिडकीत उभी राहून, यांचे पाय जमिनीला लागेपर्यंत, गॅसवरची भाजी करपवली.

निवृत्त होऊन हे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लागले, तेव्हा मी म्हटलं, सुटले बाई एकदाची! कसलं काय. ती रीत ट्रंकेतून घरी आली होती. लिफ्ट दुरुस्त झाली की वहीत सही, मग पहिली फेरी यांची. एकट्याची. तोवर दुसऱ्या कुणी आत पाय ठेवायचा नाही. पुढे लेकही त्याच कंपनीत लागली, तर तिलाही हेच वळण.

यांची सगळी तपासणी कानाने. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीच्या बेअरिंगला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून आत खरखर आहे का ते ऐकायचं.

पण यंदा काय व्हायला लागलं, बेल वाजवून माझं बोट दुखलं तरी हे आत पेपर वाचत बसलेले. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी गॅस चालूच. "कान दाखवून या," म्हटलं की, "ठणठणीत आहेत!" म्हणून माझ्याच अंगावर यायचे.

एक दिवस आमच्याच इमारतीची लिफ्ट यांनी दुरुस्त केली. मी भाजी घेऊन आले, तेव्हा सही झाली होती आणि हे एकटे आत शिरत होते. मीही शिरले.

"उतर," हे म्हणाले.

"का म्हणून? सही केलीत ना? मग न्या मला सहाव्या मजल्यावर."

बटणापाशी गेलेलं बोट तिथेच थांबलं. मग हे मला हाताला धरून बाहेर घेऊन आले.

"मला बेअरिंग ऐकू येत नाही गं. दोन महिने झाले. म्हणून हल्ली एकाऐवजी पाच-पाच फेऱ्या मारतो."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? आणि नंतर चढणाऱ्या लोकांनी काय करायचं?" पिशवी तिथेच आदळली आणि रडायलाच लागले. यांनी सही खोडली. दोन महिन्यांत हात लावलेल्या सगळ्या लिफ्टची, पुन्हा तपासून घ्यायला, यादी केली. मग लेकीला फोन लावून माझ्या हातात दिला.

लेक आली. वरच्या मशीनच्या खोलीत तिने स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. हे बेअरिंगकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बाबा, खरखरतंय," ती ओरडून म्हणाली.

संध्याकाळपर्यंत नवीन बेअरिंग बसलं. सही लेकीने केली. हे सवयीने तिच्यामागून लिफ्टमध्ये शिरायला गेले, तर तिने हात आडवा घातला. "रीत तुमचीच ना, बाबा? बाहेर थांबा."

दार लागलं. हे माझ्याशेजारी उभे, नजर मजल्यांच्या आकड्यांवर. तीन. चार. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. लेक खाली येऊन हसत बाहेर पडली, तेव्हा कुठे सोडलं.

"अठरा वर्षं तू हे कसं काढलंस गं?" यांनी विचारलं.

"तोंड वाजवून," मी म्हटलं.

यांना ते ऐकू आलं नाही. मग मी कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं.