निष्कर्ष: आवाज ऐकणाऱ्यात असावा

तुमचा चहा संपेपर्यंत सांगून होईल एवढाच हा घोटाळा आहे, पण मी तो लिहूनच देते. तोंडाने सांगायला बसले तर चहा निवेल, वर साय धरेल आणि मी अजून "म्हणजे… त्या दिवशी…" इथेच अडकलेली असेन. वर्गात मी रोज एकच शब्द बोलते, "हजर". तोही बाईंना दोनदा विचारून घ्यावा लागतो.

पण न बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. बोलत नाही, म्हणजे नीट ऐकत असणार. हा गैरसमज माझ्या पप्पांचा होता. आणि, आता लपवून काय उपयोग, माझाही होता.

पप्पांची एक पिकअप आहे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आम्हाला शेजारी उभं केलं तर हे कुणाला पटणार नाही. रोज पहाटे पप्पा तिच्यातून एपीएमसी मार्केटची भाजी आणतात आणि आमच्या करंजाडेतल्या दुकानांना पोचवतात. तिचं इंजिन पुढे नाही, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली आहे. त्या सीटवर बसणारा माणूस थंडीत शेकून निघतो आणि मे महिन्यात भाजून. इंजिन बघायचं असलं की पेटीचं झाकण उघडावं तशी ती सीट उचलायची.

दिवाळीनंतर पप्पांना त्या इंजिनातून आवाज यायला लागला. दुसरा गिअर टाकला की सुरू. कसा आवाज, ते पप्पा जेवताना करून दाखवायचे. गाल फुगवायचे, चमचा ताटाच्या कडेला लावायचे आणि "खड् खड् खड् टर्रर्र". पहिल्या दिवशी मम्मीने काळजीने ऐकलं. चौथ्या दिवशी तिने चमचा काढून घेतला.

पप्पा कळंबोलीला बबनकाका मेकॅनिककडे गेले. बबनकाकांनी सीट उचलून इंजिन चालू केलं. आवाज नाही. मग सीट खाली टाकून स्वतः तिच्यावर बसले आणि पप्पांना एक चक्कर मारायला लावली. आवाज नाही. दुसरा कुणी म्हणाला असता, बिघाड नाही. पण बबनकाकांचा चाळीस वर्षांचा अनुभव. ते म्हणाले, आवाज आतला आहे, असे आवाज मेकॅनिकला बघून लपतात. मग त्यांनी पप्पांना तोंडाने आवाज काढायला सांगितला, डोळे मिटून ऐकला आणि निदान केलं: इंजिन पूर्ण उघडावं लागणार, चार दिवस गाडी ठेवा.

खरी पंचाईत इथे होती. आमच्याकडे एकच गाडी. चार दिवस दुकानांना भाजी गेली नाही तर पाचव्या दिवशी त्यांच्या दारात दुसऱ्याची गाडी उभी असणार, आणि ती काही परत जाणार नाही. पप्पांना आधी खात्री हवी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाय, तुझे कान तिखट हायत. उद्यापासून शाळेत माझ्यासोबत चल. बस आनि ऐक."

तुम्हाला सांगते, इतकी मोठी जबाबदारी माझ्यावर आजपर्यंत कुणी टाकली नव्हती. मी विज्ञानाची जुनी वही घेतली आणि रेघा मारून तक्ता आखला. वार, गिअर, रस्ता, आवाज. पप्पांच्या शेजारी बसले, पाय जुळवले, श्वाससुद्धा हळू घेतला.

पाच दिवस मी ऐकलं. पाच दिवस शेवटच्या रकान्यात लिहिलं, "नाही".

पप्पा रोज विचारायचे, "आला?" मी मान हलवायचे. ते म्हणायचे, तू बसायच्या आधी येत होता, मार्केटहून आपल्या चौकापर्यंत येत होता. मला त्यांची कीव यायची. पनवेलच्या मोठ्या रस्त्यावर मी उतरायचे. शाळेच्या फाटकापर्यंत गाडी मी येऊ देत नसे, कारण हौद्याला कोबीचा वास आणि फाटकाशी आमचा सगळा वर्ग. उतरले की मागे न बघता जवळजवळ पळायचे. शेजारून डंपर धडधडत जायचे. हे सगळं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पाचव्या दिवशी शास्त्रीय पद्धतीप्रमाणे मी तक्त्याखाली निष्कर्ष लिहिला. वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून: "निष्कर्ष: आवाज गाडीत नाही. ऐकणाऱ्यात असावा."

त्याच संध्याकाळी द्रोणागिरीहून आत्या आली. तिने मला विचारलं, काय गं लिहितेस एवढं? आता बोलणारी मुलगी असती तर "काही नाही" म्हणून मोकळी झाली असती. मला ते दोन शब्दही जड झाले. मी वहीच तिच्या हातात दिली.

आत्याने निष्कर्ष वाचला. मग चष्मा लावून परत वाचला. मग त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

आमच्या घरच्या ग्रुपवर बावन्न माणसं आहेत. त्यातल्या एकानेही पप्पांच्या गाडीचा आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना बोलायला मोकळीक होती. कुणी लसणीचं तेल सांगितलं, कुणी झोप. एका काकांनी तर, आपल्याला असाच आवाज यायचा, दाढ काढल्यावर गेला, असं कळवलं. बातमी सोसायटीतही पोचली; पप्पा दिसले की लोक मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. मम्मीने त्यांना धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे काचेच्या खोलीत बसवून बारीकबारीक आवाज ऐकवले. पप्पांनी एकही सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, काळजीचं कारण नाही.

आत्याने हे ऐकून कपाळाला हात लावला.

"कान चांगलं हायत आनि तरी आवाज येतो? हे जास्त वाईट झालं. दादा, घरान काय टेन्शन हाय का तुला?"

त्या दिवसापासून पप्पा जेवताना आवाज काढेनासे झाले. मम्मीने चमचा स्वतःहून परत ताटात ठेवला, तरीही. हे मला टोचलं, पण वहीत टोचण्याचा रकाना नव्हता.

रविवारी ते मला म्हणाले, "तुला पन नाय आला ना, बाय? मग नसेल." मग म्हणाले, "पन उद्या इंजिन उघडून टाकतो, काय हाय ते कळल. चार दिवस जातील ते जातील. लोकांनी येडा म्हनन्यापेक्षा गाडी बंद बरी."

म्हणजे बघा. जे चार दिवस वाचवायला मला कान लावून बसवलं, ते चार दिवस माझ्या निष्कर्षामुळेच जाणार होते.

सोमवारी उशीर झाला. प्रार्थनेची घंटा होत आली होती, म्हणून पप्पांनी गाडी थेट फाटकावर नेली. मी मान खाली घालून उतरले. फाटकाशी आमचा अर्धा वर्ग, शिपाईकाका आणि हजेरी घेणाऱ्या त्याच बाई. पप्पा बबनकाकांकडे निघाले. गाडी सुटली, दुसरा गिअर पडला.

खड् खड् खड् टर्रर्र.

चमच्याने काढायचे अगदी तसाच. पप्पांनी नक्कल फारच चांगली केली होती.

मी ओरडले. होय, मी. "पप्पा, थांबा! आला, आला!" शाळेने माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला. बाईंनी, हा कुणाचा, म्हणून मागे वळून बघितलं.

पप्पांनी करकचून ब्रेक मारला. मी धावत जाऊन सीटवर बसले. गाडी पुढे गेली, आवाज बंद. मी उतरले, आवाज सुरू. चढले, बंद. तिसऱ्यांदा चढताना शिपाईकाका म्हणाले, "पोरी, शाळेत यायचं की भाजी विकायला जायचं, एक काय ते ठरव." वर्ग हसला. पप्पांचं कुणाकडे लक्षच नव्हतं. ते खाली उतरून मला विचारत होते, "मोठ्याने आला ना? तसाच आला ना?" आठवड्याभरात त्यांना इतकं खूश मी बघितलं नव्हतं. मग त्यांनी शिपाईकाकांना सीटवर बसवून बघितलं. आवाज बंद.

पप्पांनी सीट उचलली. ती इंजिनावर घट्ट धरून ठेवणारा खटका तुटलेला होता. सीट रिकामी असली की झाकणासारखी उडायची आणि खडखडायची. कुणी बसलं की दबून गप्प. आणि आवाज ऐकायला जो येईल तो, बबनकाका असोत की मी, मोठ्या रुबाबात त्याच सीटवर बसणार. पाच दिवस मी त्या आवाजावर बसून आवाज नाही असं लिहीत होते. सुंदर अक्षरात.

इंजिन उघडलं नाही. गाडी एक दिवसही बंद राहिली नाही. बबनकाकांना कळवलं तर म्हणाले, मला शंका होतीच. ग्रुपवरच्या बावन्न जणांनाही होतीच.

नवा खटका अजून मिळालेला नाही. इतक्या जुन्या गाडीचं सामान लवकर येत नाही म्हणे. तोवर पप्पांनी माझ्या जागी कांद्याची एक गोणी बसवली आहे. ती सीटवर नीट बसते, आवाज येऊ देत नाही आणि रस्ताभर एक शब्द बोलत नाही. आत्याने तिचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली माझं नाव लिहून.

मी पप्पांना विचारलं, म्हणजे आता माझ्यात आणि गोणीत काहीच फरक नाही का?

"हाय ना," पप्पा म्हणाले. "ती निष्कर्ष लिहत नाय."