अवेकोचा पहिला घास

अवेको तळ्याच्या पलीकडून, काँगोच्या किनाऱ्यावरून, आमच्या धक्क्यावर सून म्हणून आली. मी तिची शेजारीण. मासे धुरवायच्या आमच्या भट्ट्या एकमेकींना लागून आहेत, आणि माझं तोंड किती फटकळ आहे ते अख्ख्या धक्क्याला माहीत आहे.

तिचा नवरा ओनेन्चान जाळी ओढायचा. एका संध्याकाळी तिच्या हातचं क्वेन, म्हणजे पिठाचा रांधलेला घट्ट गोळा, आणि मासा खाऊन उठला आणि भळाभळा रक्त ओकला. आमच्याकडे कुणी रक्त ओकलं की लोक आजार शोधत नाहीत, वैरी शोधतात.

"परक्या किनाऱ्याची पोर! काय कालवलंय कोण जाणे," सासू म्हणाली, आणि म्हातारीने आपली चूल वेगळी मांडली.

आमच्यात पाहुण्याला दारू देताना घरची बाई आधी स्वतः घोट घेते, विष नाही हे दाखवायला. अवेकोला ते रोज जेवताना करावं लागलं. नवऱ्याच्या ताटातला पहिला घास तिने खायचा आणि सासूने दारात उभं राहून बघायचं. मी असते तर मडकं म्हातारीच्या डोक्यात घातलं असतं. ही हसून म्हणायची, "आई, तुमच्या राज्यात मी काही उपाशी मरायची नाही." मग माझ्या भट्टीशी येऊन तोंड फिरवून बसायची. धूर डोळ्यांत गेला म्हणायची, आणि माझ्या भट्टीत तर तेव्हा विस्तवही नसायचा.

वर्षभराने ओनेन्चानला चार पावलं चालून धाप लागू लागली. शौचाला डांबरासारखं काळं होई. मग पुन्हा रक्त ओकला.

"सावकाश चढणारं विष असतं," सासू म्हणाली.

अवेकोने ऐकून घेतलं नाही. मोटरसायकलवाल्याच्या आणि आपल्या मध्ये नवऱ्याला बसवून तिने मोठा दवाखाना गाठला. मागून म्हातारी निघाली, पोराची राखण करायला. मीही गेले, नाहीतर तिने डॉक्टरलाही औषध आधी चाखायला लावलं असतं.

डॉक्टरने नळी घालून पोटात बघितलं. अन्ननळीतल्या मोठ्या फुगलेल्या शिरा रबराने बांधल्या, आणि मग आम्हाला जठराच्या अस्तराचं चित्र दाखवलं. लाल, सुजलेलं, सापाच्या कातडीसारखं खवलेखवले.

"विषाने भाजल्याची खूण कुठेच नाही," तो म्हणाला. "तळ्यातला किडा अंगात शिरतो, त्याची अंडी यकृतात अडकतात. जठरातलं रक्त यकृतातूनच पुढे जातं. ती वाट चोंदली की रक्त मागे तुंबतं, आणि या अस्तरातल्या बारीक शिरा फुगून पाझरतात."

"ओढ्याच्या तोंडाशी पाणवेल दाटली की पाणी आमच्या झोपड्यांत शिरतं, तसं?" अवेकोने विचारलं.

"अगदी तसं. किड्याचं औषध देतो, दाब उतरवायच्या गोळ्या देतो. पण अशा अस्तरावर कंबरदुखीच्या गोळ्या पडल्या की ते जास्तच वाहतं. हा रोज खातो म्हणे. कोण देतं?"

म्हातारीचा चेहरा राखेसारखा झाला. पोराची कंबर दुखते म्हणून रोज झोपताना तीच त्या गोळ्या भरवत होती, मोठ्या मायेने. मला ते ठाऊक होतं, अवेकोलाही ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा हात दाबला.

"तोच कुठून कुठून आणतो, डॉक्टर," अवेको म्हणाली. "आता मी बघते."



घरी आल्यावर संध्याकाळी अवेकोने क्वेन रांधलं. नवऱ्याला वाढणार तोच सासू आली, हातात आपला रिकामा वाडगा घेऊन. "मला वाढ."

अवेकोने वाढलं आणि सवयीने त्यातला पहिला घास उचलून तोंडात घातला.

म्हातारीने तिचं मनगट धरलं. "माझ्या वाडग्यातलं खातेस? मला कमी पडेल ना, पोरी."

आणि ती जेवू लागली. अवेको तोंडातला घास तसाच धरून रडत होती. चुलीत धूर नव्हता.