तिसऱ्या डब्यातला घोडेस्वार

माघ वद्य चतुर्थी, बाजाराचा दिवस, मुक्काम हिंगोली. हजर माणसे: मी, ठाण्याचा अमीन, म्हणजे आज ज्याला फौजदार म्हणतात तो, माझा एक जवान, फिर्यादी फोटोवाला आणि त्याची बायको, पेठेतला शिंपी, एक सोनार, आणि जवळच्या नरसी गावची एक म्हातारी. नावे लिहीत नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे पुष्कळ उघडकीस आणले. त्यांची कागदपत्रे पाहिल्याशिवाय आता तपशील सांगता येत नाहीत. या दिवसाला कागद लागत नाही.

निजामी अमदानी होती. बोलपट आमच्या भागात पोचले नव्हते. गावातल्या फोटोवाल्याने मात्र तीन वर्षे खपून स्वतःचा मुका चित्रपट तयार केला होता. हरवलेले वासरू शोधायला दोन भावंडे रानात जातात, दरोडेखोरांच्या हाती सापडतात आणि एक घोडेस्वार त्यांना सोडवून घरी आणतो, अशी गोष्ट. भावंडे त्याचीच पोरे, आई त्याचीच बायको, रान नरसीजवळचे, नदी कयाधू. पहिला खेळ त्या संध्याकाळी बाजाराच्या पटांगणात होता. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या सुटल्या होत्या.

दुपारी बंदोबस्ताची यादी करत होतो, तोच फोटोवाला धापा टाकत आला.

"अमीनसाब, घात झाला! माझं रीळ गेलं चोरीला. तिसरं!"

"कुठून?"

"घरातून. चार डबे ओसरीवर रचून ठेवले होते. आता तीनच हायेत. पोरं रानात अडकलेली अन् सोडवणारा गायब. लोकांना काय दाखवू?"

कमी शब्दांत लिहिणे ही माझी सवय, आणि तिचा मला अभिमानही होता. मी चिठ्ठीवर लिहिले: 'रीळ एक, चोरीस. पेठेत तपास करणे.' चिठ्ठी जवानाकडे पाठवली आणि फोटोवाल्याच्या घरी गेलो.

ओसरी पाहिली, दाराची कडी पाहिली. फोडाफोड नव्हती. त्याच्या बायकोला विचारले, "बाई, सकाळपासून घरी कोण कोण आलं होतं?"

"कोणीच न्हाई, साहेब."

"नीट आठवा."

"न्हाई म्हणलं ना. परकं माणूस उंबऱ्याच्या आत आलंच न्हाई."

फोटोवाल्याचा संशय तंबूत चित्रपट दाखवत हिंडणाऱ्या बाहेरगावच्या एका तंबूवाल्यावर होता. त्या दिशेने माणूस पाठवावा, असा विचार करत ठाण्यावर परतलो, तर जवान दारातच उभा. हातात फडक्याची गाठोडी. त्याने ती टेबलावर सोडली. काळी, पांढरी, लाल, हिरवी अशी दोऱ्याची रिळे टेबलभर घरंगळली.

"पेठेतली सगळी आणली, साहेब. फिर्यादीनं आपलं वळखून घ्यावं."

मी काही बोलणार तेवढ्यात शिंपी आत घुसला. गळ्यात माप घ्यायची पट्टी, चेहरा लाल.

"अमीनसाब, हा काय न्याय हाय? आज संध्याकाळचा पडदा मीच शिवून राहिलो, अन् तुमचा शिपाई माझाच दोरा जप्त करून राहिला! पडदा काय सुतळीनं जोडू?"

"तुमचा दोरा घेऊन जा. चूक माझी आहे."

अमीन चूक कबूल करतो म्हटल्यावर त्याचा आवाज खाली आला. रिळे गोळा करता करता तो पुटपुटला, "आज समद्यायलाच रिळाचं याड लागलंय. मघा ती नरसीची म्हातारी आली. म्हणे, रिळातला एक तुकडा कापायचा हाय, कात्री दे. म्हणलं, माय, दोरा दातानं तोड की. तर म्हणे, दोरा न्हाई रे, पोरगं हाय त्यात."

"काय म्हणाली?"

"'पोरगं हाय त्यात.' येडी झाली बिचारी. माझी कात्री घेऊन सोनाराच्या गल्लीत गेली, ती अजून आली न्हाई."

मी टोपी घेतली. फोटोवाल्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती: ही फिल्म ठिणगी लागली की भडकते, पाणी टाकूनही विझत नाही. आणि सोनाराच्या दुकानात शेगडी असतेच.

शेगडी होतीच. सोनाराच्या ओट्यावर म्हातारी बसलेली, मांडीवर पत्र्याचा गोल डबा, झाकण उघडे. हातभर फिल्म बाहेर काढून ती उन्हाकडे धरून पाहत होती. शेगडी तिच्यापासून दीड हातावर. मी आधी शेगडी उचलून रस्त्यात ठेवली, मग तिच्यासमोर बसलो.

"माय, हा डबा कोणाचा?"

"फोटोवाल्याचा." तिने मान वर केली नाही. "पर आतलं पोरगं माझं हाय."

चौकशी एवढ्यातच संपली. उरलेले तिने आपणहून सांगितले. चित्रीकरण चालू होते तेव्हा सगळी मंडळी तिच्या घरी उतरत. भाकरी तिच्या हातची, घोडा तिच्या मुलाचा. म्हणून घोडेस्वाराचे काम मुलाला मिळाले. नंतरच्या श्रावणात पटकीची साथ आली आणि दोन दिवसांत तो गेला.

"लगीन न झालेलं लेकरू, साहेब. त्याचा टाक करून देवात बसवावा लागतो. न्हाई तर ते दारातच उभं ऱ्हातं, घरात येत न्हाई म्हणतेत."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली लहानशी प्रतिमा. आमच्याकडे अशा गेलेल्या मुलाला टाकावर घोड्यावर बसवतात. सोनार अवघडून म्हणाला, "मी तिला म्हणलं, साचा तयार हाय, उद्या देतो."

"कोणाचा साचा?" म्हातारी उसळली. "हा समद्यायला एकच तोंड लावतो, साहेब! मंग कोणाचंबी पोरगं बसंल की माझ्या देवात. माझ्याचं नाक असं नव्हतं. घरी फोटू न्हाई. म्हणून सकाळी फोटोवालीला इचारलं, माझा कोणत्या डब्यात हाय गं? ती म्हणे, तिसऱ्या. पर हे तर मुंगीएवढं निघालं. दिसंचना, साहेब. एवढ्या येळची बघून राहिले, दिसंचना."

कात्री तिच्या पदराखाली होती. अजून कुठेही चालवलेली नव्हती. कुठे कापू आणि त्याला लागेल का, हे तिला ठरवता येत नव्हते.

मी म्हणालो, "माय, संध्याकाळी तो पडद्यावर माणसाएवढा दिसेल. हे कापलं तर कोणालाच दिसणार नाही, तुम्हालाही नाही. आधी बघा. मग फोटोवाल्याकडून त्याचं मोठं चित्र काढून घेऊ. मी स्वतः तुम्हाला आणून देतो."

"तुमी सोता?"

"मी स्वतः."

तिने झाकण लावले आणि डबा माझ्या हातात दिला.

फोटोवाल्याच्या बायकोला मी विचारले, "सकाळी ही आली होती, हे का सांगितलं नाहीत?"

ती गोंधळून म्हणाली, "तुमी कोण आलं होतं इचारलं. ही तर घरचीच हाय. चहा घेऊन गेली की!"

त्या दिवसापासून 'कोण आलं होतं' हा प्रश्न मी विचारणे सोडले. 'आज घरात चहा कोणी कोणी घेतला' असे विचारू लागलो. फरक पडतो. रोजनामच्यात लिहिले: 'वस्तू घरच्याच माणसाकडे मिळाली. फिर्यादीची तक्रार नाही.' दोन्ही वाक्ये खरी होती.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पडदा एका बाजूला लाल दोऱ्याने शिवलेला, कारण पांढरा माझ्या जवानाने कुठेतरी सांडला होता. म्हातारी पहिल्या रांगेत, शेजारी फोटोवाल्याची बायको. तिसरे रीळ लागले. झाडीतून घोडा बाहेर आला, वर तिचा मुलगा, पुढ्यात दोन्ही पोरे. पटांगणात टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात म्हातारी उभी राहून ओरडली, "आरं, सरळ बस की! पोक काढून बसलंय मेलं!"

सगळा बाजार हसला. तीही हसली, आणि खाली न बसता बघत राहिली. पोरांना दारात उतरवून घोडेस्वार वळला आणि पडद्याच्या उजव्या कडेने निघून गेला. लोकांचे डोळे पडद्यावरच्या आईकडे लागले. म्हातारीने मान वळवून पडद्याच्या पलीकडे, उजवीकडच्या अंधारात पाहिले. बराच वेळ.

आठ दिवसांत फोटोवाल्याने पंज्याएवढे चित्र काढून दिले. नाक स्पष्ट, पाठीला पोक. ते हातात पडताच मी कामांच्या यादीत 'म्हातारीचे चित्र' यापुढे बरोबरची खूण केली. त्याच दिवशी बदलीचा हुकूम आला. चार्ज दिला, कागद गाठोड्यात बांधले, निघालो. यादीत खूण होती, म्हणजे काम झालेले. पुढे मी तिची चौकशीही केली नाही.

निवृत्तीनंतर ट्रंकेतल्या कागदांची यादी करताना चित्र सापडले. जुन्या हुकमांच्या मधे, कोपराही न दुमडलेले. वस्तू आपल्या हाती आली की लोक काम संपले असे समजतात, हे मी गुन्हेगारांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले होते. पोलिसाच्या बाबतीत तेव्हा पाहिले. तिने वाट पाहिली असणार. सोनारानेही साचा बाजूला ठेवून वाट पाहिली असणार.

आजच्या यादीत एकच ओळ आहे: नरसीला जाणे, चित्र तिच्या हाती देणे, ती नसल्यास तिच्या देवघरात ठेवून येणे. पुढे खूण केलेली नाही.