चेनीतल्या अक्षता

खंडेनवमीला मी सायकलीची पूजा केली आणि त्याच हातांनी तिचं वाटोळं केलं. आधी चेनीवर सढळ हातानं तेल सोडलं, मग त्या ओल्या चेनीवर हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता. खमरियाच्या फॅक्टरीत माझं उभं आयुष्य मशीन दुरुस्त करण्यात गेलं आहे. तिथं पूजेच्या दिवशी कोणी फिरत्या भागाजवळ तांदळाचा दाणा जरी नेला, तरी मी त्याला वर्कशॉपच्या बाहेर उभं करतो. घरी मात्र भक्ती अंगात आली.

सायकल बायकोची. साधी, एकाच गियरची, पुढे बास्केट. भाजी आणायला माझ्या स्कूटरची वाट बघायची नाही, असं पन्नाशीला टेकलेल्या बाईनं ठरवलं होतं. रोज सकाळी क्वार्टरांमधल्या रस्त्यावर ती पायडल मारायची आणि मी कॅरियर धरून मागे धावायचो. तोल जमतही आला होता. पण दसऱ्याच्या सकाळी सायकलीनं तोंड उघडलं. कर्र, कर्र, कर्र! तांदूळ दात्यांत भरडला जात होता.

शेजारचे रिटायर्ड गृहस्थ फाटकाला टेकून म्हणाले, "क्या भाभीजी, आटाचक्की खोल ली?"

समोरच्या दोघीजणी तोंडाला पदर लावून हसल्या. बायको उतरली आणि सायकल हातानं ढकलत घरी आली.

"झालं माझं शिकणं," ती म्हणाली. "मी निघाली की साऱ्या लाइनीला कळते. देऊन टाका कोणाला."

माझं डोकं सटकलं. याच रस्त्यावरून पोरं सायलेन्सर काढून मोटारसायकली पिटाळतात. लग्नसराईत डीजेनं खिडक्यांची तावदानं थरथरतात. ह्याच गृहस्थांचा कूलर सगळा उन्हाळा खडखडतो. तेव्हा फाटकावर येऊन हसायला कोणाला सवड नसते! एका बाईनं या वयात पायडल मारलं, की सगळे मोकळे. हे सगळं त्या गृहस्थांच्या तोंडावर बोलायचं होतं. पण मी "हाँ भैया, हें हें" करून घरात आलो आणि पाना काढला.

चेनकव्हर उघडलं. आत हळदीचा पिवळा चिखल. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक कडी घासली, फ्रीव्हीलच्या दात्यांतून दाणे टोकरून काढले. मग मागच्या चाकाचे नट ढिले केले, चाक मागे ओढलं आणि रागाच्या भरात नट असे आवळले, की चेन तारेसारखी ताठ झाली. पायडल फिरवलं. कर्र गेलं, पण दर फेऱ्याला खट्‌ वाजू लागलं.

"हत् तुझ्या!" मी पाना फरशीवर आपटला.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहून आदळआपट करून राहिले? सायकल आहे ते, शेजारी नाही."

मी पाना उचलला. नट पुन्हा सोडले, चाक जरासं पुढे सरकवलं, चेनीत बोटभर झोल ठेवला, चाक सरळ आहे ना ते बघितलं. पातळ तेलाचे थेंब सोडले आणि वरचं सगळं पुसून काढलं. आता फिरवलं, तर नुसती सळसळ. तिनं येऊन कान लावला, स्वतः पायडल फिरवून बघितलं.

"बघू उद्या," म्हणाली. मला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या सकाळी आम्ही त्या फाटकावरून गेलो. ते गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला त्याचाही राग आला. कालपासून घोळवून ठेवलेलं सणसणीत उत्तर कुठे द्यायचं मग? त्या विचारात कॅरियर हातातून कधी सुटला कळलं नाही. मी धावतच होतो, ती पुढे गेली होती. कोपऱ्यावर वळली, परत आली, पाय टेकून थांबली.

मी धापा टाकत म्हटलं, "बघ, जरा तरी आवाज आला का?"

"आला ना," ती म्हणाली. "तुमच्या चपलांचा. उद्यापासून घरीच थांबा तुम्ही."