माईकवाले काका आणि वस्ताद

माईकवाल्या काकांच्या घरात दूध उतू गेलं, तरी त्याचं धावतं वर्णन व्हायचं. "बघा लोकहो, दूध चढलं! काठावर आलं! आमची मंडळी धावली... आणि गेलं! गेलं हो!" काकू ओटा पुसत म्हणायच्या, "बोलण्यापरीस गॅस बंद केला असता तर?" वाळूजच्या एका कारखान्यातून काका निवृत्त झाले होते, पण त्यांची खरी ओळख जत्रांमधली. गावोगावच्या कुस्त्यांच्या फडात माईक धरून ते पैलवानांची नावं पुकारायचे, एकेका डावाचं वर्णन करून लोकांना जागेवरून उठवायचे. पुंडलिकनगरात मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. मला कधी गजर लावावा लागला नाही.

एका पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीतलं एक कुटुंब पुण्याला गेलं आणि आपला म्हातारा कुत्रा कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर सोडून गेलं. मोठा, तपकिरी, तोंडावर पांढरे केस. तो फाटकाला नाक लावून बसायचा, कुणी भाकरी टाकली तर हुंगत हुंगत शोधायचा. काकांनी त्याला दोन्ही हातांवर उचलून घरी आणलं. "तात्पुरता बरं का," ते काकूंना म्हणाले. "दिवाळीनंतर जत्रा लागतील. तवर याला चांगलं घर बघू." त्यांनी नाव ठेवलं वस्ताद, तालमीतल्या म्हाताऱ्या गुरूला म्हणतात तसं.

डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, मागचे पाय आखडलेत, कान मात्र शाबूत आहेत. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, कशाला हाल करता, एक इंजेक्शन देऊन मोकळं करा. काकांचा आवाज चौकापर्यंत गेला असेल. "पाठ टेकली नाय तवर कुस्ती चालू असती! हा उभा हाय ना? मग?"

आणि मग घरात एक गंमत सुरू झाली. काका तोंड बंद ठेवूच शकत नव्हते, आणि वस्ताद त्या आवाजावरच चालायला लागला. "या वस्ताद, सरळ या. आता स्टूल हाय, डावीकडनं घ्या. वा रं पठ्ठ्या! आता उंबरा, पाय उचला!" आणि खरंच पाय उचलला जायचा. काका दुपारी आडवे झाले, की वस्ताद असेल तिथं थांबायचा. आवाज नाही तर वाट नाही. ज्या दिवशी तो तिन्ही पायऱ्या उतरून गल्लीत आला, त्या दिवशी बायका कुकर सोडून बाहेर आल्या होत्या. "शेवटची पायरी... लोकहो, डोलतोय... सावरला! मारली!" टाळ्या पडल्या. मी वरून शिट्टी वाजवली. आयुष्यातली पहिली.

घर शोधणं मात्र अवघड होतं. एकाला प्लॉटवर राखणीला कुत्रा हवा होता. काका म्हणाले, "त्याला चोर दिसायचा कसा? आनि दिसला तरी हा शेपूट हलवील." एका जोडप्याला फोटो फार आवडला, पण ते गच्चीत बांधून ठेवणार होते. प्रत्येकाला काका एकच प्रश्न विचारायचे, "तुमच्या घरात बोलतेत का हो माणसं?" लोक गोंधळायचे. कुणी म्हणायचं, आम्ही तसे शांत आहोत. "मग नाय जमायचं," म्हणून काका चहा पाजून त्यांना वाटेला लावायचे. दसरा गेला. जत्रांचे फोन यायला लागले, म्हणजे काका आता गावोगाव जाणार. एवढा जड कुत्रा काकूंना एकट्यानं उचलवत नव्हता, आणि घर गप्प असलं की तो खातही नव्हता. काकांचं जेवण कमी झालं, बोलणं नाही.

एका संध्याकाळी ते जत्रेची बोलणी करून फुलंब्रीहून परतले ते चपलांसकट माझ्या दारात. "सापडलं! अगं, सापडलं! पंचाच्या घरी गेलतो. त्याची माय हाय, गयाबाई. जन्मभर बकऱ्या वळल्या. गुडघे गेले, बकऱ्या विकल्या, पर तोंड थांबलं नाय! दिवसभर अंगणात बसून बोलती. भिंतीशी बोलती, चुलीशी बोलती. पोरगा म्हनतो, लोकं नावं ठेवतेत. मी म्हनलं, बाबा, मला तुजी मायच पायजे! बाई अशी बोलती, अशी बोलती, की मला मधी शब्द घुसवता आला नाय!"

रविवारी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. काकू वस्तादचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. फुलंब्रीला पोचलो तर अंगणात सगळं घर गोळा झालेलं. गयाबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. काकांनी वस्तादला अंगणाच्या मधोमध उभं केलं, चार पावलं मागं सरकले आणि सुरू झाले, "तर लोकहो, एका बाजूला वस्ताद..." वस्ताद वळला आणि सरळ काकांकडे आला. पुन्हा नेला, पुन्हा काका बोलले, पुन्हा तो मागं फिरला. गयाबाई हाका मारत होत्या, त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. शेवटी त्या कडाडल्या, "ओ माईकवाले! तुमी कामून बोलाया लागले मधी? गप ऱ्हावा की जरा! त्यानं एका टायमाला कुनाकुनाचं ऐकावं?"

काकांनी गळ्यातला रुमाल तोंडावर दाबून धरला.

वस्ताद मधोमध उभा. गयाबाईंनी मग हाक मारली नाही, त्या नुसत्या बोलायला लागल्या. "आलास व्हय रं? दमलास. मीबी दमले बघ. हिकडनं ये, तिथं पाटा हाय, आडकशील. पानी ठुलंय तुला. माझी चांदी बकरी व्हती ना, ती बी अशीच, लई हट्टी..." वस्तादचा एक कान वळला. त्यानं एक पाऊल टाकलं. थांबला, मान काकांच्या दिशेनं फिरवली. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता, मोकळा हात हवेत नुसता डाव खेळत होता. मलाच ओरडावंसं वाटत होतं. काकूंनी माझं मनगट आवळून धरलं होतं. आणखी एक पाऊल. पाटा आला, त्यानं वळसा घातला. मागचा पाय घसरला, तो डोलला, सावरला. आणि मग न थांबता जाऊन त्यानं गयाबाईंच्या लुगड्यावर डोकं टाकलं. पंचाच्या घरातली माणसं नाचायला लागली. काका रुमालामागं रडत होते.

एक शब्द बोललो तर तो परत येईल, म्हणून काकांनी त्याचा निरोपही घेतला नाही. पाऊल न वाजवता गाडीत येऊन बसले. चौक्याचा घाट येईपर्यंत गप्प होते. मग एकदम सुटले, आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं होतं तेच हर्सूल येईपर्यंत पहिल्यापासून ऐकवलं. मला ते पहिल्याइतकंच थरारक वाटलं.

पुढं गयाबाईंचे फोन यायचे, तेव्हा काका बोलायचे नाहीत. वस्तादनं आवाज ओळखला तर? ते काकूंच्या कानात प्रश्न सांगायचे आणि काकू ते विचारायच्या. असं एक वर्ष गेलं, आणि आणखी एक हिवाळा. मग एका सकाळी मी खाली चहा घेत असताना फोन आला. गयाबाई म्हणाल्या, "माईकवाल्यास्नी द्या. आता बोलले तरी चालतंय. झोपेतच गेला वस्ताद, मी बोलत व्हते त्याच्यासंगं."

काकांनी फोन घेतला आणि स्टुलावर बसून कानाला लावला. पलीकडून गयाबाई बोलतच होत्या. तो कसा उन्हाला सरकायचा, नातवंडांना कसं अंगावर खेळू द्यायचा. बऱ्याच वेळानं त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता म्या कुनाशी बोलू? असंल एखादा म्हातारा तर बघा की."

काका ताडकन उभे राहिले. "हाय!" ते ओरडले. "लंगडा हाय, पर लई गुनी हाय! परवाच बघितलाय!" डोळे अजून वाहत होते, आणि चहा तसाच टाकून ते दाराबाहेर पोचलेसुद्धा होते.