चिंगीचा अंगरखा

शेजारच्या मांजरीचं ऑपरेशन झालंय. टाके चाटू नयेत म्हणून तिला जुन्या टी-शर्टची बाही घातलीय. तिला पाहिलं आणि आमची कुत्री चिंगी आठवली. तिच्या पोटावरचे टाके झाकायला आईनं बाबांचा मोर्चाचा लाल कापडी फलकच कापला होता.

"अगं, उद्या मोर्चा आहे!" बाबा ओरडले.

"तुम्हाला घसा आहे की," आई शिलाई मशीन चालवत म्हणाली. "हिचे टाके उसवले तर हिनं कुणाकडे दाद मागायची?"

 मग खाली बसून बाबांनीच चिंगीच्या पाठीवर नाड्या बांधल्या. 'पाणी आमच्या हक्काचं' हे शब्द पोटाशी घेऊन ती निवांत झोपली.

आता कापडी फलकांवर घोषणा मीही लिहिते. दरवेळी वाटतं, हे कापड कुणाच्या जखमेला पुरेल का?