वय मोडली

चारुशीलाबाईंच्या लाल पेनाला महाडात भलेभले टरकून असत. शाळेतून बाई निवृत्त झाल्या त्याला नऊ वर्षं झाली, पण पेन काही निवृत्त झालं नाही. गावातल्या एका साप्ताहिकात त्या नव्या लेखकांच्या पुस्तकांची परीक्षणं लिहीत. नवे म्हणजे कोण, तर पदरमोड करून छापणारे. एसटीतला कंडक्टर कादंबरी लिहायचा, पतपेढीतला कारकून गझला, आणि दोघंही पुस्तक बाईंच्या दारात आणून द्यायचे आणि पुढचा महिनाभर त्यांच्या गल्लीतून जायचं टाळायचे.

पुस्तक कितीही भुक्कड असो, बाई शेवटचं पान वाचल्याशिवाय सोडत नसत. लोक म्हणत, म्हातारीला चुका काढायची भारी हौस. छे हो! बाई वाट बघत होत्या. एकदा तरी अशी ओळ यावी की हातातलं पेन आपोआप खाली ठेवलं जावं, उगाच उठून खिडकीपाशी जावंसं वाटावं. लग्न होऊन पुण्याहून इथं आल्या त्याला अडतीस वर्षं झाली होती. यजमान गेले, मुलगा हर्षद बंगळुरात स्थिरावला. तेवढी एक आस उरली होती, आणि ती मात्र भलती चिवट होती.

परवा बाजारात त्या प्रयागबाईकडे माठाची जुडी मागायला गेल्या. प्रयागबाई पोलादपूरकडची, एरवी टोपली भरून आणणारी. आज टोपलीत चार वांगी.

"अवो बाई, माठ कुठला? वय मोडून गुरं आत शिरली. सगळं चरून गेली मेली!"

"काय मोडून?"

"वय वो. काट्याकुट्यांची. परसाला घालतो ती." मग बाईंचा चेहरा बघून म्हणाली, "तुमी कुंपण बोलता तिला."

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. वांगी न घेताच त्या घरी आल्या आणि कपाटातून सहा वर्षांपूर्वीचं एक पातळ पुस्तक काढलं. कवयित्री तुळसा, मुक्काम कशेडी घाटाच्या पायथ्याची एक वाडी. पहिलीच कविता.

माझी वय मोडली गो आई
कोणी यावं, चरून जावं

'माझी'भोवती लाल गोल होता. बाईंनी तेव्हा साप्ताहिकात लिहिलं होतं: 'वय हा शब्द नपुंसकलिंगी आहे, एवढंही कवयित्रीला ठाऊक नसावं? आणि वय मोडल्यावर चरायला कोण येतं, हे तीच जाणे.' अख्खं महाड हसलं होतं त्या वाक्यावर. बाईंना स्वतःलाही ते फार आवडलं होतं.

पुढच्या कवितांतून कळतच होतं, नवरा मुंबईला, वाडीत एकटी बाई, आणि कुंपण मोडलेलं. आता ओळ कशी लख्ख दिसत होती! जिची जन्मभर वाट पाहिली ती दारात येऊन उभी होती, आणि बाईंनी तिला व्याकरण विचारून हाकलून दिलं होतं. बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. या बाईचं दुसरं पुस्तक वाचायचंय मला, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

पुस्तकावरचा फोन लागेना. सकाळी त्यांनी पोलादपूरची एसटी पकडली, तिथून रिक्षा केली आणि शेवटची चढण धापा टाकत चालल्या. तुळसा अंगणात वाल निवडत होती. चाळिशीची, काटक. बाईंनी नाव सांगताच सूप टाकून उठली.

"बाई? तुमी? माज्या घरी?"

राग नाही, काही नाही. कोरा चहा आला. पाठोपाठ प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं परीक्षणाचं कात्रण आलं. "माज्यावर पेपरात दुसरं कोणी लिवलंय? तुमीच." मग तिनं माळ्यावरून एक खोका उतरवला. "एवढी रायली. पण चूक ठेवली नाय हां."

बाईंनी एक प्रत उघडली. 'माझी' निळ्या पेनानं खोडून वर 'माझं' लिहिलं होतं. 'मोडली'चं 'मोडलं' केलं होतं. दुसरी प्रत, तिसरी, चौथी. सगळ्या तशाच.

"तुळसाताई, चूक माझी होती," बाई म्हणाल्या. "मला शब्दच ठाऊक नव्हता."

तुळसा हसली. "तुमची कशी चुकंल? तुमी शिकवणाऱ्या."

"नवीन काही लिहिलंत?"

"नाय. बसते कधी. पण शब्द आला का वाटतं, हा तो का ती का ते? ता ठरंपर्यंत ओळ निघून जाते."

बाईंनी हातातली प्रत मिटली. "ती कविता म्हणता? पहिली सुचली होती तशी?"

तुळसानं डोळे मिटले. "माझी..." म्हणाली, थांबली, जीभ चावली. "माझं वय मोडलं गो आई."

तेवढ्यात मागच्या परसातून सासू चंद्रभागा ओरडली, "गो तुळसा! शेळ्या घुसल्या गो, वय मोडली!"

"कुठची वय मोडली, आत्ये?" म्हणत तुळसा धावली.

बाईंनी घाईघाईनं पर्स उघडली. ती येईपर्यंत निदान एका प्रतीत तरी ओळ होती तशी करून ठेवायची. निळं 'माझं' खोडलं, वर 'माझी' लिहिलं. 'मोडलं' खोडलं, 'मोडली' लिहिलं. दुसरी प्रत घेतली. चौथ्या प्रतीला हात घातला तेव्हा दारात सावली पडली.

तुळसाच्या हातात काट्याची फांदी होती. ती बाईंच्या मांडीवरच्या पानाकडे बघत होती. पर्समध्ये पेन एकच होतं, लाल.

"आता आनी काय चुकलं, बाई?" तिनं हळूच विचारलं.